चौदा नंबरची डबी

हैदराबाद, १२ ऑगस्ट १९५६

चि. सौ. भागूबाई हीस देवरावचे आशीर्वाद. पत्र तुझे बंधू संभाजीराव वाचून दाखवतील, त्यांना जयभीम.

माझी तब्येत आहे तशीच आहे. हे वाक्य मी दर पत्रात आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं मोकळं लिहिता येतं.

सखू आता नऊ वर्षांची झाली. तिच्या बापाचं काम काय ते तिला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. इथं दवाखान्यात अर्धवट सुधारलेल्या माणसांना हलकं काम देतात, तसं मला तपासणीच्या खोलीत बसवलं आहे. सकाळी वार्डातून पत्र्याच्या डब्या येतात. प्रत्येक डबीवर खाटेचा नंबर आणि आत त्या माणसाचा बेडका. तिला किळस आली तर येऊ दे, मलाही पहिला आठवडा जेवण गेलं नव्हतं. काडीच्या टोकावर थोडं घ्यायचं, काचेवर पसरायचं, लाल रंग चढवून खालून शेकायचं, धुवायचं आणि मग निळा रंग. मायक्रोस्कोपखाली सगळं निळं दिसतं. दिकचे, म्हणजे क्षयाचे, जंतू असले तर त्या निळ्यात बारीक लाल काड्या दिसतात. याच काड्या माझ्या छातीत होत्या. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा भ्यायला हवं होतं, पण मला वाटलं, बघू तरी, अजून कुठं आहेत.

तशीच एक गोष्ट सध्या मला बसू देत नाही. बायकांच्या वार्डात चौदा नंबरच्या खाटेवर पंचफुला नावाची बाई आहे. परभणीकडची, आपल्याच लोकांतली. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा नुसती हाडं होती. तिच्या छातीत सुईनं हवा भरून दुखरं फुफ्फुस झोपवलं, माझं झोपवलं होतं तसं. नवी औषधं निघालीत, पण आमच्याकडे येतात ती मोजक्यांना पुरतात. बाकीच्यांना अजून ही हवा, दूध आणि पडून राहणं. तर आता हिला ताप नाही. दर सोमवारी काट्यावर उभी राहते तेव्हा वजन वाढलेलं. एक्स-रेच्या फोटोत छातीतला खड्डा बुजलेला. आणि डबीत लाल काड्या, हव्या तेवढ्या. डॉक्टर हमीद मला विचारतात, "देवराव, तुम बराबर देखरे ना?" मी बरोबरच बघतो. म्हणूनच तर झोंबतं.

आणखी एक. एक नोव्हेंबरला आपलं राज्य मोडणार. तुमचं नांदेड मुंबई राज्यात, आम्ही आंध्रात. नामपल्लीच्या कचेरीतून छापील अर्ज आलाय, नोकरी कुठं पाहिजे म्हणून. ऑक्टोबरअखेर द्यायचा आहे. भरतो कधीतरी.

तुझा,
देवराव


९ सप्टेंबर १९५६

भागूबाई हीस आशीर्वाद, संभाजीरावांना जयभीम. तब्येत आहे तशीच.

चौदा नंबरचा घोळ वाढला. मी आधी माझ्या हातावर संशय घेतला. काचा बदलल्या, चिकडपल्लीला जाऊन नवा रंग आणला. (आपल्या जुन्या खोलीवरून गेलो. तिथं आता शिंपी बसतो. तुझी चूल होती तिथं त्याचं मशीन आहे.) नव्या काचांवरही त्याच काड्या. मग वाटलं, डब्या नीट उकळत नसतील, कालच्या रोग्याचं आजच्याला लागत असेल. म्हणून दोन दिवस मी स्वतः उकळल्या. नर्सबाई म्हणाल्या, देवरावला आता स्वयंपाकही लावून द्या. तरी काड्या आहेतच.

मौज अशी की शेजारच्या पंधरा नंबरचं बरोबर उलटं. तिथं करीमा-बी नावाच्या म्हाताऱ्या आहेत, जुन्या शहरातल्या. अजून खोकतात, संध्याकाळी अंग तापतं, पण दोन महिने त्यांच्या डबीत एकही काडी नाही. तीनदा डबी साफ आली की घरी सोडायचं असा इथला नियम. त्यांची तिसरी डबी पुढच्या महिन्यात. तयारी आत्ताच चालली आहे, धाकट्या मुलीचा निकाह आहे म्हणून.

हसण्यासारखं एवढंच. बाकी वाईट आहे. डॉक्टर हमीद परवा फोटो उजेडाला धरून बराच वेळ उभे राहिले. वरून दिसतं ते सगळं बरं आहे, तर जंतू आत कुठंतरी दडलेत असं त्यांचं म्हणणं. शहरातून मोठे सर्जन येणार आहेत पाच ऑक्टोबरला. पंचफुलाच्या पाच बरगड्या काढून ती बाजू कायमची दाबून टाकायची. हे ऑपरेशन मी बघितलं आहे. माणूस जगला तरी एका खांद्यानं कायमचा खाली कलतो. दहात दोघं जगतही नाहीत.

मी तिला विचारलं, कळलं का तुला? म्हणाली, "करू द्या की. तेवढंच हितं ऱ्हायला मिळंल."

बरगड्या काढून घ्यायला राजी असलेलं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं. हे असं का, ते कळेपर्यंत मला चैन पडायचं नाही. तू म्हणायचीस ना, दुसऱ्याच्या भांड्यात डोकावायची खोड आहे तुम्हाला. आहेच.

देवराव


३० सप्टेंबर १९५६

भागूबाई हीस आशीर्वाद.

सापडलं. मंगळवारी चौदा नंबरची डबी उघडली आणि आत लाल. मला रक्त वाटलं. काचेवर घेऊन बघितलं तर रक्ताचं काही नाही, पानाचे धागे. काताचा रंग. कुणीतरी आदल्या रात्री चोरून पान खाल्लं होतं आणि सकाळी चूळ न भरता डबी भरली होती.

आता पंचफुला आपल्यातली, परभणीच्या खेड्यातली. तिला मिश्री लागते, ती लपवते हेही मला ठाऊक आहे. पण पान? अख्ख्या वार्डात उशीखाली विडा ठेवणारं माणूस एकच, करीमा-बी. डॉक्टरनं बंद केलं तरी त्यांचा थोरला जावई गुपचूप आणून देतो.

दोघी डब्या बदलत होत्या. हिची तिला, तिची हिला. एकीला जायचं होतं, एकीला राहायचं होतं. तीन महिने माझा मायक्रोस्कोप खरं सांगत होता आणि मी नंबर खोटे वाचत होतो.

दुपारी सगळे झोपतात त्या वेळी गेलो. करीमा-बी आधी भांडायला उठल्या. "मेरेकू क्या पूछते मियाँ, पान हर कोई खाता." मी म्हटलं, चौदा नंबरवाली खात नाही. मग त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "नवासा हुआ है. आठ महीने का. दूर से देखी मैं, काच में से. गोद में लेना है, बस." कडेवर घेऊन काय होईल ते त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून कळेना. बहुतेक ठाऊक असावं, पण मानायचं नसावं.

पंचफुला लपवायच्याही भानगडीत पडली नाही. नवऱ्यानं दुसरी केलीय. आईबाप नाहीत. हिचं अंथरूण बाहेर पडवीत, आणि बरी होऊन गेली तरी तिथंच राहणार. "दादा," म्हणाली, "तिथं जेवलीस का म्हून कोन इचारतंय? हितं दर सोमवारी काट्यावर हुभं करत्यात. पावशेर कमी भरलं तर डाक्टरच्या कपाळाला आठी पडती. माझ्यापायी कुनाच्या कपाळाला आठी पडल्याली म्या पयल्यांदा बगितली." मग म्हणाली, "आन हितं समद्यांचाच पेला येगळा. वकिलाच्या बायकूचा बी."

ते मी उठताना म्हणाली, म्हणून माझ्याबरोबर खोलीपर्यंत आलं.

सांगितलं तर एकीला उंबऱ्याबाहेरच्या पडवीत पाठवल्यासारखं, दुसरीला नातवापासून तोडल्यासारखं. नाही सांगितलं तर शुक्रवारी एका धडधाकट बाईच्या बरगड्या निघणार आणि त्या पोराच्या तोंडाशी लाल काड्या जाणार. हिशेब सरळ आहे, तरी पाय उचलत नाही. तू असतीस तर एव्हाना सांगून मोकळी झाली असतीस.

देवराव


७ ऑक्टोबर १९५६

भागूबाई हीस आशीर्वाद, संभाजीरावांना जयभीम.

सांगितलं. सोमवारी डॉक्टर हमीदना सगळं सांगितलं. ते ओरडतील वाटलं होतं, पण खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाँच पसलियाँ, देवराव. मैं निकाल देता था." तीन सकाळी आम्ही दोघींसमोर उभं राहून डब्या भरून घेतल्या. पंचफुलाची तिन्ही दिवस साफ. करीमा-बींच्या काचेवर काड्या मोजताही येईनात. ऑपरेशन रद्द झालं.

करीमा-बी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना नव्या औषधाच्या यादीत घेतलं आहे, सहा महिने लागतील. निकाह तारखेलाच होईल. थोरल्या जावयानं धाकटीला नवरीच्या कपड्यांत खिडकीशी आणून दाखवायचं कबूल केलंय. नातवालाही आणतील, काचेबाहेरून.

पंचफुलाला डॉक्टरनी घरी पाठवलं नाही. वार्डात आया म्हणून ठेवून घेतलं, राहायला मागच्या चाळीत खोली दिली. काल सोमवार नसतानाही तिनं सगळ्या बायकांना काट्यावर चढवलं आणि प्रत्येकीकडे बघून आठ्या घातल्या.

मी डॉक्टरना म्हटलं, मला ठेवलंत तसंच हिलाही ठेवलंत, बरं केलंत. त्यावर ते मला काहीतरी म्हणाले. ते आज लिहीत नाही.

तब्येत

(इथं रोजचं वाक्य लिहायला घेतलं होतं. राहू दे.)

देवराव


नांदेड, १३ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप बाबा यांस सखूचा साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की मामा नागपूरला दीक्षेला गेले आहेत. खूप लोक गेले. आई माझ्या परीक्षेमुळे राहिली. म्हणून तुमचं पत्र मी वाचलं. तीन शब्द अडले. आईने सगळी जुनी पत्रं पण काढून दिली, ती पण वाचली. मामा वाचतात तेव्हा काही काही वगळतात असं मला वाटतं. चुलीचं मी पहिल्यांदा ऐकलं. आईने पण.

प्रश्न. १) जंतूंना डोळे असतात का. २) काड्या लालच का दिसतात, निळ्या का नाही. ३) डॉक्टर काय म्हणाले. हा आईचा प्रश्न आहे.

तुमची सखू, इयत्ता चौथी


हैदराबाद, १८ ऑक्टोबर १९५६

सखू,

तुझं कार्ड मी खिशात घेऊन तीन दिवस हिंडलो. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. सावकाश वाच आणि काही वगळू नको. मामांसारखं करू नको.

जंतूंना डोळे नसतात. लालचं असं आहे की रंग सगळ्यांनाच चढतो, मग आम्ही तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, धुतो. धुतल्यावर बाकी सगळ्याचा लाल रंग जातो, या काड्यांचा जात नाही. एवढ्या चिवट असतात.

आता आईचा प्रश्न.

भागू, डॉक्टर म्हणाले, "उसका घर नईं है मियाँ, इसलिए रखा. तुम्हारा तो था. तुमको रख के मैं ग़लती करा."

मी बरा आहे. आज नव्हे, पाच वर्षं झाली. एकावन्न सालच्या मार्चमध्ये माझ्या तीन डब्या साफ आल्या. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मी स्वतःची डबी स्वतः तपासतो आणि त्यात कधीच काही नसतं. मी तुला लिहिलेलं 'आहे तशीच आहे' हे दर वेळी खोटं होतं. एवढी पत्रं, एवढ्या वेळा.

सोबत एक कार्ड आहे. निजामाच्या वेळचं छापील आहे, उर्दूत, सखूला वाचता यायचं नाही. संभाजीराव उर्दू शिकलेत, हवं तर त्यांच्याकडून खात्री करून घे. त्यात लिहिलंय, तुमचा रोगी देवराव याला आराम झाला आहे, याच्यापासून घरच्यांना धोका नाही, येऊन घेऊन जावे. खाली डॉक्टर हमीदची सही आहे. हे पोस्टानं तुला यायचं होतं. मी म्हटलं, कशाला, मीच हातानं देतो. नवा सदरा घालून काचीगुड्याहून गाडीत बसलो, ते कार्ड खिशात घालून.

तो दिवस तुला आठवत असेल. सखू चार वर्षांची होती. माझ्याकडे पळत आली आणि तू तिचा दंड धरून मागं ओढलंस. मग पाणी आणलंस ते कोपऱ्यातल्या वेगळ्या पेल्यात, दोऱ्याची खूण बांधलेल्या. मी आजारी पडलो तेव्हा तूच ती खूण बांधली होतीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं की मी बरा आहे. सांगणारा मी होतो आणि सांगायचं ते माझ्या खिशात होतं.

गावात वेगळा पेला आपल्याला जन्मापासून माहीत. हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेली कपबशी मी लहानपणी स्वतः धुऊन परत टांगली आहे. पण घरातला वेगळा पेला मला नवा होता. मी ते पाणी प्यालो आणि खिशात हात घातला नाही. वाटलं, कार्ड दाखवलं आणि तरी तू पेला बदलला नाहीस तर? आजारी म्हणून लांब ठेवलंस तर तो दोष दिकचा होता. बरा झाल्यावरही ठेवलंस तर तो मग माझा. ते मला सोसलं नसतं. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो आणि लिहून टाकलं, पुन्हा बिघडलं म्हणून. डॉक्टरना म्हटलं, घरचे नको म्हणतात, मला इथंच ठेवा. त्यांनी ठेवलं.

इथं सगळ्यांचाच पेला वेगळा, म्हणून कुणाचाच वेगळा नाही. पंचफुलानं ते बोलून दाखवलं. मी पाच वर्षं नुसतं उपभोगलं. तिची डबी मी तीन महिने उलटसुलट करून बघितली, काचा बदलल्या, रंग बदलले, आणि त्याच टेबलाच्या खणात हे कार्ड पडलेलं होतं.

माझा राग तुझ्यावर होता, संभाजीरावांवर होता, तुला घेऊन गेले म्हणून. आता बघतो तर तो टिकवायला मला किती खटपट करावी लागत होती ते कळतं. मला तुझी आठवण येते. सखूची तर मला नीट आठवणही नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.

अर्ज मी काल भरला. त्यात एक रकाना आहे, कुटुंब कुठं राहतं. मागच्या प्रत्येक कागदावर मी तिथं आडवी रेघ मारली होती. या वेळी नांदेड लिहिलं. नोकरीलाही तिकडचंच मागितलं आहे, देतील तेव्हा देतील. त्याआधी चार दिवसांची रजा घेतली आहे. अठ्ठावीस तारखेला सुटतो.

तुला एकच विचारतो. मी आलो की तुम्ही पिता त्याच पेल्यातून मला पाणी देशील का? नाही म्हणायचं असेल तर तसं सखूकडून लिहून पाठव. ते मी या वेळी बरा माणूस म्हणून ऐकीन.

देवराव


नांदेड, २३ ऑक्टोबर १९५६

प्रिय बाबा, जयभीम. मामा आले. ते म्हणतात आता साष्टांग नमस्कार लिहायचा नाही.

पत्र मी आईला वाचून दाखवलं, काहीच वगळलं नाही. तिने परत वाचायला लावलं. मग ती भाकरी थापत बसली. चार भाकरी जळाल्या. मग म्हणाली, लिही: पाच वर्षं मी दर शुक्रवारी उपाशी राहिले ते कुणासाठी. मग म्हणाली, खोड ते. ~~पाच वर्षं मी दर शुक्रवारी~~ मी खोडलं पण शाई कमी होती, दिसतंय.

मामांनी उर्दू कार्ड वाचलं. तुम्ही लिहिलं तेच आहे. मग म्हणाले की गुन्हा त्यांचा पण आहे, ते पत्रं वगळून वाचत होते. आई म्हणाली, तुमचा नंतर बघू.

पेल्याचं विचारलं तर आईने फळीकडे बघितलं. मग मी फळीवर चढून बघितलं. दोऱ्याचा पेला तिथं होता. आईने तो खाली घेतला, दोरा दातांनी तोडला, पेला राखेनं घासला आणि बाकीच्या पेल्यांत ठेवला. आता मला पण ओळखू येत नाही तो कुठला.

आई म्हणते, भांडण व्हायचं आहे, ते झाल्याशिवाय राहणार नाही. आणि विचारते, कोणत्या गाडीने.

सखू

येताना एक लाल काड्यांची काच आणा. आई नको म्हणते. तरी आणा.